समुद्रांतील अडथळा आणि शेतकऱ्याचा बांध

शेतकऱ्यावर येणारीं संकटें मोजावयास सांगितलीं तर अवर्षण, अवकाळी पाऊस, गारपीट, रोगराई आणि पडता भाव इतकीं नांवें आपण भराभर घेऊं. परंतु समुद्राचें नांव आपल्यापैकीं क्वचितच कोणी घेईल. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागाइतदारानें समुद्राची भीति कां बाळगावी? समुद्र घाटाखालीं शंभर मैलांवर आहे. आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यांत विहीर आहे, पाट आहे, बांधावरचीं झाडें आहेत, पण समुद्राचा रकाना कोठेंही नाहीं. मीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. त्या मुदतींत आणेवारीचे तक्ते लिहिले, पीकपाहणीचे गोषवारे जुळविले, फेरफारांच्या नोंदी तपासल्या. पण अमुक गांवचें पीक समुद्रांतील अडथळ्यामुळें बुडालें असा शेरा एकदांही लिहिला नाहीं. तसा शेरा लिहावयास रकानाच नव्हता. सरकारी दप्तरांत तो नसेल तर नसो. आपल्या विक्रीच्या करारांत तरी तो असलाच पाहिजे, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रथम घरचा अनुभव सांगतों. माझ्या पुतण्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत त्यानें आपला माल युरोपांत पाठविण्यासाठीं एका निर्यातदारास दिला. बांधावर उभें राहून किलोस ९० रुपये भाव ठरला, माल तोडला गेला, पेट्या भरल्या, वजनाची चिठ्ठी मिळाली. कांहीं रक्कम त्याच वेळीं हातीं आली. बाकीची दीड महिन्यानें मिळावयाची होती. दीड महिन्यानें पैशांऐवजीं निरोप आला कीं, जहाज तांबड्या समुद्रांतून न जातां आफ्रिकेला वळसा घालून गेलें, माल उशिरा पोंचला, मणी नरम पडले, सबब भाव किलोस ६८ रुपये धरावा लागेल. माल १५ टन होता. म्हणजे किलोमागें २२ रुपयांप्रमाणें ३ लाख ३० हजार रुपये कमी झाले. पुतण्या माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तात्या, तुम्ही कचेरींत आयुष्य घालविलेंत, आतां कांहीं उपाय सांगा." मीं विचारलें, "कागद कोठें आहे?" त्यानें वजनाची चिठ्ठी पुढें केली. तिजवर वजन होतें, तारीख होती, गाडीचा क्रमांक होता. भाव नव्हता, प्रतीचा उल्लेख नव्हता, आणि उशीर झाल्यास काय करावें याविषयीं एक अक्षर नव्हतें. ज्या मनुष्यानें आयुष्यभर लोकांना कागद जपून ठेवण्याचा उपदेश केला, त्याच्याच घरीं ही स्थिति! त्या निर्यातदारानें खोटें सांगितलें असें मी म्हणत नाहीं. जहाज खरोखरच वळसा घालून गेलें होतें. मुद्दा इतकाच कीं, त्या वळशाचा भार कोणीं किती सोसावयाचा हें आधीं ठरलेलें नसल्यामुळें तो ज्याच्या हातांत शेवटची रक्कम होती त्यानें ठरविला.

हा वळसा म्हणजे काय हें नकाशावर पाहिलें पाहिजे. मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरांतून निघालेलें जहाज अरबी समुद्र ओलांडून बाब-एल-मंदेबच्या सामुद्रधुनींतून तांबड्या समुद्रांत शिरतें, आणि त्याच्या उत्तर टोंकास असलेला सुवेझचा कालवा ओलांडून भूमध्य समुद्रांत उतरतें. बाब-एल-मंदेबची रुंदी सुमारें ३० किलोमीटर आहे. सुवेझचा कालवा १८६९ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत खुला झाला, आणि त्यामुळें मुंबईहून लंडनचा सुमारें १०,७०० सागरी मैलांचा प्रवास सुमारें ६,३०० मैलांवर आला. जगाच्या एकंदर व्यापाराचा जवळजवळ आठवा हिस्सा या वाटेनें जात असे. एवढा मोठा व्यापार अशा दोन अरुंद दारांतून जातो, आणि त्यांपैकीं एक बंद पडलें कीं दुसरें उघडें असून उपयोग होत नाहीं.

सन २०२३ च्या नोव्हेंबरच्या १९ तारखेस येमेनांतील हूथी पक्षाच्या लोकांनीं 'गॅलॅक्सी लीडर' नांवाचें जहाज हेलिकॉप्टरनें उतरून ताब्यांत घेतलें, आणि त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रें व उडतीं यंत्रें सोडण्याचा सपाटा लावला. डिसेंबरच्या मध्यास मोठमोठ्या जहाज कंपन्यांनीं ती वाट सोडून केप ऑफ गुड होपचा, म्हणजे वास्को द गामाच्या काळचा, मार्ग धरला. या वळशानें आशिया व युरोप यांमधील प्रवासांत साधारण दहा ते चौदा दिवस वाढतात. लोखंड किंवा कापड यांस दहा दिवसांनीं कांहीं होत नाहीं. व्याज तेवढें वाढतें. द्राक्षाची गोष्ट निराळी. तोडल्या क्षणापासून त्याचें आयुष्य घटूं लागतें. शून्य अंशाजवळच्या थंडींत आणि गंधकाच्या वायूच्या पट्ट्यांत ठेवून आपण तें घटणें मंद करितों, थांबवूं शकत नाहीं. तीन-साडेतीन आठवड्यांचा हिशेब धरून तोडलेला माल पांच आठवडे पेटींत राहिला तर देठ तपकिरी होतो, मणी गळतो, आणि तिकडच्या दुकानदारास दर पाडण्यास निमित्त सांपडतें.

कोणी म्हणेल, वळशानें दहा दिवस वाढले, तर दहा दिवसांचेंच भाडें वाढावें. भाडें कित्येक पटींनीं कां वाढतें? याचें उत्तर आपल्या ऊसवाहतुकीवरून समजेल. कारखान्याचा रस्ता पुरानें तुटला आणि गाड्यांना दुप्पट लांबीच्या वाटेनें जावें लागलें, तर त्याच गाड्यांच्या खेपा निम्म्या होतात. शिवाय रिकाम्या गाड्या वेळेवर परत न आल्यामुळें ज्याच्या शेताचा रस्ता मुळींच तुटलेला नाहीं त्याचाही ऊस तोडीवांचून उभा राहतो. जहाजांचें तसेंच आहे. प्रवास लांबला कीं तितक्याच जहाजांच्या वर्षांतील फेऱ्या कमी होतात. कंटेनर उशिरा रिकामे होतात व उशिरा परत येतात. बंदरांत गर्दी होते. त्यांतही फळांसाठीं लागणारे थंड कंटेनर मुळांतच थोडे. मग जो अधिक देईल त्याला जागा, असा लिलाव सुरू होतो. युद्धाच्या जोखमीचा विमा निराळा घ्यावा लागतो व त्याचा हप्ता चढतो. याप्रमाणें तांबड्या समुद्रांतील गोळीबाराचा खर्च त्या समुद्रांत कधींही न जाणाऱ्या मालावरही बसतो.

याचा आणखी मोठा दाखला २०२१ सालचा आहे. महामारीमुळें अमेरिकेच्या बंदरांत जहाजें आठवडेच्या आठवडे उभीं राहिलीं, रिकामे कंटेनर तिकडेच अडकले, आणि चाळीस फुटी कंटेनरचें जागतिक सरासरी भाडें, जें २०१९ मध्यें दोन हजार डॉलरांच्या आंत होतें, तें सप्टेंबर २०२१ मध्यें दहा हजारांवर गेलें. तेथें गोळी झडली नव्हती; केवळ चाक एके ठिकाणीं अडकलें होतें.

त्याच वर्षीं मार्च महिन्यांत घडलेली हकीकत बहुतेक वाचकांस आठवत असेल. 'एव्हर गिव्हन' नांवाचें ४०० मीटर लांबीचें जहाज २३ मार्च रोजीं सुवेझच्या कालव्यांत आडवें होऊन रुतलें. त्यावरील सर्व पंचवीस खलाशी आपल्या हिंदुस्थानचेच होते. सहा दिवस कालवा बंद राहिला आणि चारशेंच्या आसपास जहाजें दोहों बाजूंस तिष्ठत उभीं राहिलीं. २९ मार्चला जहाज सुटलें, वर्तमानपत्रांनीं आनंद व्यक्त केला, आणि लोक ती गोष्ट विसरले. परंतु शेतकऱ्यास उपयोगी असा भाग त्यापुढेंच आहे. कालव्याच्या अधिकाऱ्यांनीं भरपाईसाठीं तें जहाज मालासकट जुलै महिन्यापर्यंत अडकवून ठेवलें; आणि जहाजाच्या जपानी मालकानें 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलें.

हा शब्द आपल्या कानांवर फारसा येत नाहीं, पण त्यामागील तत्त्व अतिशय प्राचीन व न्यायाचें आहे. जहाजावर सर्वांस समान असें संकट आलें, आणि जहाज व माल वांचविण्यासाठीं कांहीं माल समुद्रांत टाकावा लागला अगर जास्त खर्च करावा लागला, तर तें नुकसान एकट्याच्या माथीं न मारतां जहाजाचा मालक आणि ज्यांचा माल वांचला ते सर्व धनी यांनीं आपापल्या किमतीच्या प्रमाणांत वाटून घ्यावें, असें हें तत्त्व आहे. भूमध्य समुद्रावरील व्यापारी हा नियम दोन हजार वर्षांपूर्वींपासून पाळीत आले, आणि एकोणिसाव्या शतकांत तो यॉर्क-अँटवर्प नियमांच्या रूपानें लिहून काढण्यांत आला. 'एव्हर गिव्हन'वर ज्यांचा माल होता, त्यांच्या मालास ओरखडा आला नसला तरी त्यांना किंवा त्यांच्या विमा कंपन्यांना वर्गणीची हमी दिल्यावांचून माल सुटला नाहीं. म्हणजे समुद्रावरच्या नुकसानीची वांटणी करण्यास कायदा आहे, हिशेबनीस आहेत, कागद आहेत. तोच तोटा घाट चढून आपल्या बांधावर आला कीं तेथें ना नियम, ना हिशेबनीस, ना कागद! तेथें एकच रीत : ज्याचा माल पिकला आहे आणि ज्याला थांबतां येत नाहीं त्यानें सोसावें.

कोणी म्हणेल, विमा उतरला म्हणजे झालें. ही समजूत चुकीची आहे, आणि ती जितकी लवकर जाईल तितकें बरें. समुद्रावरील मालाच्या नेहमींच्या विम्यांत केवळ उशीर झाल्यामुळें आलेली नुकसानी वगळलेली असते. तो उशीर विम्यांत धरलेल्या एखाद्या धोक्यामुळें झाला असला तरीही ती सामान्यतः भरून मिळत नाहीं. युद्धाची जोखीम निराळी. तसेंच जहाजाच्या बिल्टीवर बारीक अक्षरांत असें कलम बहुधा असतें कीं, धोका दिसल्यास जहाज दुसऱ्या वाटेनें नेण्याची मुभा कंपनीस आहे. जहाज कंपनीनें आपल्या बचावासाठीं कलम घातलें. विमा कंपनीनें घातलें. युरोपांतील खरीददारानें माल उतरल्यावर प्रत पाहून दर ठरविण्याची तजवीज केली. निर्यातदारानें आपला बचाव शेतकऱ्याची बाकी रक्कम हातांत ठेवून केला. सर्व सांखळींत कलमावांचून उभा राहिलेला मनुष्य एकच, आणि तो आपण.

आतां कोणास वाटेल कीं, हीं आजकालचीं संकटें असून आपल्या वाडवडिलांस तीं ठाऊक नव्हतीं. वस्तुस्थिति उलट आहे. १८६१ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि प्रेसिडेंट लिंकन यांनीं दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी पुकारली. त्या वेळीं इंग्लंडांतील गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकीं पांचांतील चार हिस्से अमेरिकेंतून येत. ती वाट अडली तेव्हां लँकेशायरांतील गिरण्या बंद पडून तेथील मजूर उपाशी राहिले, आणि इकडे खानदेश, वऱ्हाड व गुजराथ येथील कापसास सोन्याचे दिवस आले. लिव्हरपूलच्या बाजारांत कापसाचा भाव चौपटीच्या घरांत गेला. मुंबईंत शेअरांचें वेड पसरलें. देशावर पैसा खेळूं लागला, जमिनीला किंमत आली, आणि सावकार मागेल त्याला कर्ज देऊं लागला.

१८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. अमेरिकेचा कापूस पुन्हां वाहूं लागला, भाव कोसळला, मुंबईंतील पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या, आणि प्रत्यक्ष बँक ऑफ बाँबेही त्यांतून सांवरली नाहीं. मुंबईचे शेटजी बुडाले त्याचा इतिहास सर्वांस माहीत आहे. शेतकऱ्याचा फार थोड्यांस. चढत्या भावाच्या दिवसांत काढलेलें कर्ज मात्र भावाबरोबर उतरलें नाहीं. त्यांतच इंदापूर तालुक्यांत पहिल्या तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून १८६७ मध्यें नवी आकारणी झाली व सारा बराच वाढला. पुढें १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे जाळले, आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. पुणें-नगरच्या त्या तालुक्यांत कापूस फारसा पिकत नव्हता हें मी जाणून आहें, आणि दंग्यास दुसरींही कारणें होतीं. परंतु कापसाच्या पैशानें सैल झालेली पत त्याही मुलखांत पोंचली होती, आणि ती आखडतांच तिचा फांस तेथेंही बसला. अमेरिकेंतील बंदर बंद होतें आणि उघडतें, आणि चौदा वर्षांनीं भीमथडीच्या शेतकऱ्याची सही असलेला कागद जळतो, इतका हा दोर लांब आहे. १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या मदतीचा जो कायदा केला, त्यांत शेतकऱ्यानें करून द्यावयाचा कागद गांवच्या रजिस्ट्रारसमोर समजावून सांगून लिहिला जावा अशी तरतूद होती. ती तरतूद मला फार अर्थपूर्ण वाटते. दंगा कागदामुळें झाला, आणि उपाय कागद नष्ट करण्यांत नसून नीट लिहिण्यांत आहे, हें तेव्हांच ओळखलें गेलें होतें.

त्या इतिहासांतून दुसराही बोध निघतो. समुद्रांतील अडथळा नेहमींच आपल्या विरुद्ध असतो असें नाहीं. कधीं दुसऱ्याची वाट अडते आणि आपला माल चढतो. २०२२ सालीं रशिया व युक्रेन यांच्या युद्धानें काळ्या समुद्रांतील बंदरें बंद पडलीं, तेव्हां जगांत गव्हाचे भाव भडकले आणि आपल्या गव्हास बाहेरून मागणी आली. पण त्या वर्षीं उष्णतेनें पीक कमी आलें, देशांत भाव चढले, आणि १३ मे रोजीं सरकारनें गव्हाची निर्यात बंद केली. शहरांतील गरिबास स्वस्त पीठ मिळावें हा हेतु वाईट आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या खात्यावर त्याचा परिणाम असा होतो कीं, समुद्र अनुकूल झाला तर लाभास मर्यादा पडते आणि प्रतिकूल झाला तर तोट्यास मर्यादा नसते. म्हणून चढत्या भावाच्या एका वर्षाच्या भरंवशावर दहा वर्षांचें कर्ज काढूं नये. माझ्या नोकरींत 'इतर हक्क' या रकान्यांत बँकांचे व सोसायट्यांचे बोजे चढवितांना मला हें वारंवार दिसलें कीं, सर्वांत मोठे बोजे दुष्काळाच्या नव्हे तर सुकाळाच्या वर्षीं चढत.

खतांची गोष्टही विसरतां कामा नये. पोटॅशसाठीं आपला देश सर्वस्वीं परदेशावर अवलंबून आहे. स्फुरदयुक्त खतें व त्यांचा कच्चा मालही मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतो. २०२४ च्या फेब्रुवारींत हूथींच्या माऱ्यानें जखमी होऊन २ मार्च रोजीं तांबड्या समुद्राच्या तळाशीं गेलेल्या 'रूबीमार' या जहाजांत काय होतें? हजारों टन खत! तें आपल्याकडे येत होतें असें नाहीं. पण जगाच्या बाजारांत खताची एक खेप बुडाली किंवा लांबली कीं बाकीच्या खेपा महागतात. म्हणजे समुद्रांतील अडथळा आपल्याला दोनदां भेटतो : एकदां पेरणीपूर्वीं गोणीच्या भावांत, आणि दुसऱ्यांदा तोडणीनंतर मालाच्या भावांत.

एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. २०२३-२४ या वर्षीं देशांतून सुमारें ३ लाख ४४ हजार टन द्राक्षें बाहेर गेलीं, आणि हा आंकडा आदल्या वर्षापेक्षां बराच मोठा आहे. तेव्हां वाट अडली तरी निर्यात वाढलीच, मग तक्रार कशाची, असें कोणी विचारील. जन्मभर गोषवारे लिहिलेला मनुष्य यावर इतकेंच म्हणेल कीं, गोषवाऱ्यांत बेरीज दिसते, वांटणी दिसत नाहीं. माल गेला हें खरें. मालास परदेशांत भाव मिळाला हेंही खरें असेल. प्रश्न हा कीं, वाढलेलें भाडें, वाढलेला विमा आणि उशिरानें आलेली घट यांपैकीं किती हिस्सा जहाजवाल्यानें, किती खरीददारानें, किती निर्यातदारानें व किती बागाइतदारानें सोसला? या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही तक्त्यांत नाहीं. तें आमच्या वजनाच्या चिठ्ठीमागें कोऱ्या जागेंत आहे.

निर्यातदारासही मी एकतर्फीं दोष देत नाहीं. त्यानेंही कंटेनरचे जादा पैसे आगाऊ भरलेले असतात, बँकेचें व्याज त्याच्यावर चालूं असतें, आणि तिकडील खरीददारापुढें तोही लहानच असतो. तो बुडाला तर आपली वाट बंद होईल. निर्यात सोडून सर्व माल देशांतच विकावा हाही उपाय नव्हे; बाहेर जाणारा माल एकदम गांवच्या बाजारांत उतरला तर तेथील भावही पडेल. तेव्हां भांडण नको, वांटणी हवी.

यासाठीं माझ्या अल्प बुद्धीप्रमाणें आपल्या संघानें पुढील हंगामापूर्वीं एक छापील करारनामा मराठींत तयार करावा, व सभासदानें त्यावांचून निर्यातीचा माल तोडूं देऊं नये. त्यांत पुढील गोष्टी असाव्यात. पहिली : भाव बांधावरचा आहे कीं माल पोंचल्यावरचा आहे, हें स्पष्ट लिहावें, दोहोंपैकीं कोणताही चालेल, पण बांधावरचा सांगून पोंचल्यावरचा देणें चालणार नाहीं. दुसरी : ग्रेपनेटवरील बागेचा नोंदणी क्रमांक, वजन, मण्याचा आकार, गोडी व प्रत हीं पेट्या भरतांना नोंदून दोहोंच्या सह्या व्हाव्यात, म्हणजे माल जातांना कसा होता याचा वाद राहणार नाहीं. तिसरी : करार झाल्यानंतर जहाजाची वाट बदलली, तर जादा भाडें व उशिराची घट कोणत्या प्रमाणांत वांटावयाची हें आधींच ठरवावें, आणि बागाइतदाराचा हिस्सा कांहीं झालें तरी एकचतुर्थांशापेक्षां जास्त असूं नये. चौथी : घट सांगावयाची असेल तर जहाजाच्या बिल्टीची प्रत व तिकडील तपासनिसाचा अहवाल दाखवावा, नुसता तोंडी निरोप ग्राह्य धरूं नये. पांचवी : बाकी रक्कम कोणत्या तारखेस द्यावयाची व त्यानंतर व्याज काय, हें लिहावें. समुद्रावरील व्यापाऱ्यांनीं जो न्याय आपसांत मान्य केला आहे, त्यापेक्षां यांत कांहींही अधिक मागितलेलें नाहीं.

मात्र कागदास जोर येतो तो थांबण्याच्या शक्तीनें. ज्याला आज रात्रींच माल विकला पाहिजे त्याच्या हातांत कितीही उत्तम कागद दिला तरी तो कोऱ्यावरच सही करील. म्हणून संघाचें स्वतःचें पूर्वशीतकरणाचें व शीतगृहाचें साधन असावें, आणि कांहीं माल बेदाण्याकडे वळविण्याची तयारी असावी. सांगली-तासगांवकडील शेतकऱ्यांस हें सांगावयास नको. सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, व तो शीतगृहांत महिनेच्या महिने टिकतो. खाण्याच्या द्राक्षांसाठीं वाढविलेल्या मण्यांचा बेदाणा नेहमींच उत्तम प्रतीचा होईल असें नाहीं. तरी जहाजांची वाट अडलेल्या वर्षीं दुसरें दार उघडें असणें हीच मोठी गोष्ट. निर्यातदारास हें दार दिसलें कीं त्याचें बोलणें आपोआप मऊ होतें.

माझ्या पुतण्यास त्या वर्षीं अखेर किलोस ७२ रुपये मिळाले. चार रुपये वाढवून मिळाले ते माझ्या कायदेज्ञानामुळें नव्हे; त्या निर्यातदारास पुढील वर्षीं माल पाहिजे होता म्हणून. त्यानें तडजोड केली, कारण सोसायटीचा हप्ता मार्चअखेर भरावयाचा होता. मीं त्यास तडजोड करूं नको म्हणून सांगितलें नाहीं. सांगण्यासारखें माझ्या हातीं कांहीं नव्हतें. पुढील ऑक्टोबरची छाटणी आटोपल्यावर त्यानें एका साध्या कागदावर वरील पांच कलमें माझ्याकडून लिहून घेतलीं, आणि तीन निर्यातदारांस दाखविलीं. दोघांनीं हंसून परत दिलीं. तिसऱ्यानें तिसऱ्या कलमांत एकचतुर्थांशाऐवजीं एकतृतीयांश करून सही केली.

एका सभासदास इतकें साधलें, तर सर्वांनीं मिळून तोच कागद पुढें केल्यास हंसून परत देणें कोणास परवडणार नाहीं. बाब-एल-मंदेब येथें काय व्हावें हें आपल्या हातीं नाहीं, आणि जहाज कोणत्या वाटेनें जावें हेंही नाहीं; पण तोडणीची कात्री आपल्या हातीं आहे, आणि ती कागदावर सही झाल्यावरच चालवावी. संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढें हा करारनाम्याचा विषय घ्यावा अशी व्यवस्थापक मंडळास माझी नम्र विनंति आहे. ज्या वाचकांस याहून चांगलें कलम सुचेल त्यांनीं तें सभेपूर्वीं कार्यालयाकडे लिहून पाठवावें.

— एक निवृत्त महसूल कारकून